टाकीतली नागीण

महिरावणीच्या पुढच्या चढावर धोंडीरामशेटची मोटार रोज अकराच्या सुमाराला बंद पडायची. सोमवारी तर तो सोहळा बघायला माणसं भाकऱ्या बांधून सकाळपासूनच येऊन बसत. ऊन कसलं, तर एकोणीसशे चौतीसच्या वैशाखाचं. पण चमत्कार बघायचा म्हटलं की आपल्या लोकांना ऊन लागत नाही. गावच्या विहिरीचा गाळ उपसायला बोलवा, लगेच घेरी येते.

मोटार नाशकाहून त्र्यंबकला उतारू न्यायची. मुंबईच्या कुणा पारश्यानं वापरून टाकलेली, पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेली. पेट्रोलची टाकी बॉनेटच्या मागं, काचेच्या पुढं, आणि तिचं टोपण वर उघड्यावर. टाकीत पेट्रोल किती उरलं ते दाखवणारी काट्याची डबी मात्र आत, पुढच्या बाकासमोर. ड्रायव्हर वाल्मीक होळीपर्यंत टांगा हाकत होता. पाडव्याला त्यानं घोड्याच्या कपाळाला लावावा तसा तेलात कालवलेला शेंदूर त्या टोपणाला थापला, नारळ फोडला आणि हँडल मारलं. पहिल्याच खेपेला चढावर मोटारीनं दोन उचक्या दिल्या आणि तिथंच बसकण मारली.

तिथल्या वडाखाली महिनाभरापूर्वी येऊन राहिलेला एक बाबा होता. तो उठला, मोटारीभोवती फिरला, टोपणावर हात ठेवून काहीबाही पुटपुटला आणि टोपण फिरवलं. आतून फुस्स असा आवाज झाला. बाबानं ताजा शेंदूर थापून टोपण बसवलं. वाल्मीकनं हँडल मारलं आणि मोटार सुरू. त्या दिवसापासून बाबाचे फुत्कारनाथ महाराज झाले.

"रस्ता करताना सरकारच्या माणसांनी वारूळ फोडलं," महाराज सांगत. "तवा नागीण या टाकीत शिरली. सात समुद्र वलांडून आलेल्या लोखंडात तिला गारवा भेटला. हितं आली की ती माज्या चरणाला थांबती."

नागीण महिरावणीची, लोखंड विलायतेचं, आणि भूक मात्र रोज पाच नारळांची. या तिन्हींचं कसं जमलं, ते कुणी विचारलं नाही. धोंडीरामशेटनंही नाही. बंद पडणाऱ्या मोटारीला दुप्पट उतारू मिळत होते, मग तो कशाला विचारतोय?

इथवर हसण्यावारी नेलं असतं. पण वाल्मीकची बायको कुसाबाई त्याच मोटारीतून चढापलीकडच्या अंजनेरीला माहेरी निघाली. नाशकाच्या स्टँडवर उतारू भरेपर्यंत ती तासभर पुढच्या बाकावर बसून राहिली, बाईमाणूस म्हणून बाजूचा कॅनव्हासचा पडदा पाडून. चढाला येईस्तोवर तिचे डोळे फिरले. मान डुलायला लागली. उतरल्याबरोबर ती ओकली.

"माझ्यासमोरच्या त्या काट्याच्या डबीतनं वास येतोय," ती म्हणाली.

"बाईच्या अंगात नागिणीनं बिऱ्हाड केलंय," महाराज म्हणाले.

नवऱ्यानं कुणाचं ऐकलं, हे सांगायला नको. महाराजांनी सात सोमवार नेमून दिले. सातही सोमवारी बाईला त्याच बाकावर, पडदा पाडून आणायचं. ती आली की डुलायची, डुलली की महाराज कडुनिंबाच्या ओल्या फोकानं तिला झोडायचे आणि वाल्मीक तिचे दोन्ही हात धरून उभा राहायचा. नागीण निघावी म्हणून. त्याचा बायकोवर जीव होता, हे खोटं नाही. जीव असलेली माणसंच हात घट्ट धरतात.

सातवा सोमवार डाग द्यायचा होता. मोटारीच्या तोंडाशी शेगडी पेटवून ठेवली होती, तिच्यात लोखंडी पळी लाल होत होती. मोटार थांबली. वाल्मीकनं कुसाबाईला खाली घेतलं. तिच्या पाठीवर मागच्या सोमवारचे वळ अजून काळेनिळे होते आणि तिला नीट उभं राहता येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "नका हो."

"आज आधी बाई, मग मोटार," महाराजांनी हुकूम सोडला. "मुळावरच घाव घालायचा. पाठ उघडी कर रे."

वाल्मीकचा हात तिच्या चोळीच्या गाठीशी गेला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक उतारू खाली उतरला, बायकांच्या प्यायच्या पाण्याची घागर उचलली आणि शेगडीवर ओतली. तो मालेगावचा खलील मिस्त्री. त्र्यंबकला भाताच्या गिरणीचं इंजिन दुरुस्त करायला निघाला होता.

"पेट्रोलच्या वाफेत शेगडी पेटवता?" तो म्हणाला. "नागीण निघाली नसती, पण आपण सगळे वर निघालो असतो. बहेन, तुझ्या अंबाड्यातला आकडा दे जरा."

कुसाबाईनं आकडा काढून दिला. खलीलनं टोपणावरचा शेंदूर नखानं खरवडला, मधोमध आकडा खुपसला. फुस्स झालं. मंत्र नाही, तंत्र नाही, टोपणसुद्धा न उघडता.

"मार हँडल," खलील म्हणाला. वाल्मीकनं मारलं. मोटार चालू झाली आणि चालूच राहिली.

लोक महाराजांकडं बघायला लागले. महाराज मात्र मुरलेले. "मोटारीतली गेली," ते म्हणाले, "पण बाईतली?"

"खरंय," खलील म्हणाला. "तुम्ही तिचे मालक. तुम्ही त्या बाकावर अर्धा तास बसा. तुम्हाला काही झालं नाही, तर मी स्वतः शेगडी पेटवून देतो."

महाराज नाही म्हणणार होते. पण भक्त फार वाईट असतात. "बसा महाराज, दाखवा त्या मियाँला," असं म्हणत त्यांनीच महाराजांना उचलून बाकावर नेऊन ठेवलं. खलीलनं इंजिन बंद केलं, महाराजांच्याच वाटीतला शेंदूर घेऊन टोपणाचं भोक पुन्हा लिंपलं, दोन्हीकडचे पडदे पाडले. अंगाची लाही करणारं ऊन, समोर तापलेलं इंजिन. लोक पडद्याला खेटून उभे राहिले, महाराजांना उतरू देईनात.

आधी आतून मोठमोठ्यानं मंत्र ऐकू आले, मग हळू. मग पडदा फाडून महाराज बाहेर पडले, डुलत डुलत चार पावलं चालले आणि भडाभडा ओकले.

"बाबात शिरली," अक्काबाई म्हातारी म्हणाली. सहा सोमवार तिनंच पहिला नारळ वाहिला होता. आता तिनंच फोक उचलला.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं आणि बघू नये असंही होतं. महाराजांनी शिकवलेलं लोक अजिबात विसरले नव्हते. दोघांनी हात धरले, बाकीच्यांनी झोडलं.

"अरं, नागीण नाय, पेट्रोल हाय ते," महाराज ओरडत होते. "म्या मुंबैला गॅरेजात व्हतो. टाकीचं भोक बुजलं की गाडी बंद पडती. शेंदरात म्याच मेण घालत व्हतो. आरं, कुनी तरी ऐका."

"बघा, नागीण कशी थापा मारतीय," अक्काबाई म्हणाली, आणि पुन्हा मारलं. बाबाच्या आयुष्यातलं ते पहिलं खरं बोलणं. त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

खलील मधे पडायला गेला, दोन फोक त्यालाही बसले. हात दुखले तेव्हाच लोक थांबले. मग त्यानं टोपण काढून सगळ्यांना दाखवलं. खाली वाल्मीकचा शेंदूर, त्यावर बाबाचे मेणाचे थर.

"टाकीतलं पेट्रोल खाली गेलं की वरून हवा आत यायला पाहिजे, म्हणून हे भोक," तो म्हणाला. "ते बुजलं तर पेट्रोल उतरत नाही, गाडी थांबते. टोपण उघडलं की हवा आत घुसते, तोच तुमचा फुत्कार. आणि गाडी उन्हात उभी राहिली की वाफ कोंडते. वरून वाट नाही, मग या काट्याच्या डबीचं सडलेलं बूच शोधते. डबी बहेनच्या नाकासमोर, वर पडदा पाडलेला. कुणीही डुलेल. घोडा डुलेल."

वाल्मीकनं खाली वाकून डबीला नाक लावलं. पेट्रोलातच हात बुडालेल्या त्या माणसालाही वास आला आणि त्याला भडभडून रडू आलं. पाडव्याला टोपणावर फिरलेलं बोट त्याचं होतं. हातही त्यानंच धरले होते.

"मला काय ठावं, कुसे," तो म्हणाला. "चल, बस गाडीत. आता काय नाय व्हनार."

कुसाबाईनं खलीलकडून आकडा मागून घेतला. "पयल्या दिवशी सांगितलं, वास येतोय," ती म्हणाली. "सात सोमवार त्येच सांगत्येय. एवढी मानसं, परतेकाला नाक. वाकून हुंगायला किती येळ लागला असता?"

वाचणाऱ्यांनो, मीही याहून शहाणं काही सांगू शकत नाही. देवाला हात जोडा, नाहीतर जोडू नका. पण एखाद्या बाईची पाठ उघडी करण्याआधी एकदा वाकून हुंगा.

कुसाबाईनं आकडा नवऱ्याच्या हातात ठेवला. "ह्यो तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. भोक साफ कराया लागंल," ती म्हणाली, आणि पदर पाठीवर ओढून माहेरच्या रस्त्यानं पायी चालायला लागली. मोटार पहिल्याच हँडलला सुरू झाली. वाल्मीकनं ती तिच्या मागं मागं अंजनेरीपर्यंत हळू चालवली, पण तिनं काही वळून पाहिलं नाही.