माप न घेता बेतलेली बडबड

फोन कंपनीच्या कचेरीत ट्रंकताईंची ही तिसरी खेप. पहिल्या दोन वेळा त्या एकट्या आल्या होत्या आणि गोड बोलून वाटेला लावल्या गेल्या होत्या. आज धाकटी बहीण बरोबर होती, आणि काम झाल्याशिवाय उठायचं नाही असं दोघींनी घरूनच ठरवलं होतं.

ट्रंकताई हे नाव जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधलं. एकतीस वर्षं त्यांनी कानाला हेडफोन लावून लांबचे ट्रंक कॉल जोडले. धाकटी जन्मापासून बहिरी. एकीचं पोट कानांवर चालेल नि दुसरीचं हातांवर, असं आई म्हणायची, आणि तसंच झालं. धाकटी शिवणकामात मुरली. आता रोज संध्याकाळी सहाला ती मोबाइलवरून आपल्यासारख्याच बायकांना कपडे बेतायला शिकवायची. बहिऱ्यांच्या मंडळाने त्यासाठी अ‍ॅप करवून घेतलं होतं आणि हसून हसून पोट दुखेपर्यंत विचार करून त्याचं नाव ठेवलं होतं ‘बडबड’.

दोन महिन्यांपासून त्यावरचं चित्र ऐन सहाला गोठायचं. हातांच्या भाषेत ‘नको’ वाक्याच्या शेवटी येतं. गेल्या आठवड्यात धाकटीने सांगितलं, ‘इथे कापू नको.’ पलीकडे पोचलं नुसतं ‘काप’. गिऱ्हाइकाच्या रेशमाचं वाटोळं झालं. अकरा बायकांतल्या सहा वर्ग सोडून गेल्या. उरलेल्याही गेल्या की वर्ग मिटला.

“आजी, किती वेळा सांगू?” इंजिनियर म्हणाला. त्याच्या टेबलावर तीन स्क्रीन होते आणि गार झालेला चहा. “नेटवर्क एकच, पण त्याचे आम्ही भाग पाडतो. त्यांना स्लाइस म्हणतात. रुग्णवाहिकांसाठी एक, समोरासमोर बोलायच्या व्हिडिओसाठी एक, खेळांसाठी एक, गप्पांसाठी एक. कुठलं अ‍ॅप कुठे घालायचं ते यंत्र ठरवतं. तुमचं नाव ‘बडबड’, म्हणून ते गेलं गप्पांमध्ये. तिथे चार अक्षरं उशिरा पोचली तरी कुणाचं अडत नाही.”

ट्रंकताईंनी हे धाकटीला हातांनी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि भराभर काहीतरी म्हणाली.

“काय म्हणतात?”

“म्हणते, एका ताग्यातून सगळं बेतता ते ठीक. पण माप घ्यायचं सोडून गिऱ्हाइकाचं नाव विचारून कापड कापणारा शिंपी तिने आजच पाहिला.”

इंजिनियर ओशाळून हसला. “मग नाव बदला ना. ‘मूकबधिर रुग्ण साहाय्य’ ठेवा, यंत्र आपोआप वैद्यकीय स्लाइसमध्ये टाकेल.”

धाकटीचे हात ताडकन उठले.

“ती रुग्ण नाही,” ट्रंकताई म्हणाल्या. “ती बडबडी आहे. जन्मल्यापासून. मी साक्षीदार आहे. नाव बदलणार नाही.”

“मग माझा नाइलाज आहे. हाताने बदलायला वरून मंजुरी लागते.”

ट्रंकताईंना एक्स्चेंजमधल्या कॉलच्या चिठ्ठ्या आठवल्या. कुठला कॉल आधी जोडायचा ते प्रत्येकीवर लिहिलेलं असायचं: साधा, अर्जंट, सगळ्यांच्या आधीचा लाइटनिंग. एकदा चिठ्ठीवर ‘साधा’ लिहिलंय म्हणून त्यांनी एका बाईला तीन तास ताटकळत ठेवलं होतं. लाइन मिळाली तेव्हा पलीकडे तिचे वडील गेलेले होते. त्यानंतर त्यांनी चिठ्ठीच्या आधी आवाज ऐकला. कापरा वाटला की ती चिठ्ठी वर सरकवली आणि पर्यवेक्षिकेची बोलणी खाल्ली. ती बोलणी त्यांना कधी कडू लागली नाहीत.

सहा वाजले. धाकटीने इंजिनियरचा चहाचा कप बाजूला सारला, त्याला मोबाइल टेकवला आणि वर्ग सुरू केला.

“अहो, इथे?”

“इथेच,” ट्रंकताई म्हणाल्या. “तुमच्याच घरात तुमचं नेटवर्क कसं चालतं ते बघा.”

पडद्यावर पाच चौकोन. त्यातल्या एकीने हिरवं रेशीम पसरलं, कात्री उघडली आणि खुणेच्या चार बोटं आत टेकवली. धाकटीने हात हलवले. चित्र अडकलं, सुटलं, पुन्हा अडकलं. ती बाई पडद्याकडे बघत होती. तिने मान डोलावली.

“काय सांगितलं यांनी तिला?”

“कापू नको म्हणून.”

“पण ती तर कापतेय!” इंजिनियर खुर्चीतून उठला. “अहो ताई, थांबा! कापू नका!”

“ओरडा साहेब, आणखी जोरात ओरडा. त्यांना ऐकू येत नाही.”

त्याने झटकन कीबोर्ड ओढला. बोटं नाचली. धाकटीचे हात पलीकडे सरळ, अखंड पोचू लागले. त्या बाईने कात्री खाली ठेवली. हिरव्या रेशमाच्या काठाला बोटभर चीर पडली होती, तेवढीच.

मग ट्रंकताईंनी विचारलं, “हाताने होत नव्हतं ना?”

“चाचणी म्हणून तासभर व्हिडिओच्या स्लाइसमध्ये टाकलंय. तेवढंच माझ्या हातात आहे.”

“बरं. मग उद्या सहाला येतो. परवाही. चहा मात्र गरम ठेवा.”

त्याने दोघींकडे पाहिलं. मग वरच्या साहेबांना पाठवायचा मंजुरीचा अर्ज उघडला. कारणाच्या रकान्यात तो लिहू लागला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागला: “नाव वाचून चुकीची जागा दिली. प्रत्यक्ष वापर पाहता हातांचं चित्र अखंड जायला हवं. आजपासून कायम.” मग तो थांबला. “अ‍ॅपचं नाव?”

ट्रंकताई सांगणार होत्या, पण धाकटीने त्यांचा हात दाबला. तिने इंजिनियरसमोर चार बोटं अंगठ्यावर चटाचटा आपटून दाखवली, चोच उघडावी-मिटावी तशी.

त्याने तीच खूण अवघडत परत करून दाखवली, आणि टाइप केलं: बडबड.