एका माणसाच्या चार चकत्या

मित्रांनो, तैवानमधल्या ताइचुंग शहरातल्या एका छोट्या कंपनीच्या भिंतीवर अकरा वर्षं मला टांगलेलं आहे. मी पांढरा फळा. पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. अंगावर गुळगुळीत मुलामा चढला आणि मी इथे आलो.

ही कंपनी इतरांसाठी संगणकाचे प्रोग्राम बनवते. प्रत्येक गिऱ्हाइकाचा माझ्यावर एक रकाना असतो. रकान्यात कामं लिहिलेली, आणि कामापुढे ते करणाऱ्याच्या नावाची चुंबकाची गोल चकती. ही सगळी कामं को शू-फन सांभाळते. सुरुवातीला रकाने तीनच होते. रोज सकाळी ती मला मऊ फडक्याने पुसायची आणि सरळ रेघा मारायची.

"ताई, तुझ्या रेघा बघितल्या की डोकं शांत होतं," असं आ-हान म्हणायचा. तो तिथला सर्वांत हुशार प्रोग्रामर. हे ऐकून मी मनातल्या मनात फुलून जायचो.

पण मालक लाइ साहेबांना नाही म्हणता येत नसे. ते फोनवर "होऊन जाईल हो, निर्धास्त राहा!" असं म्हणाले, की माझ्यावर नवी रेघ पडायची. तीनाचे सात रकाने झाले. माणसं मात्र पाचच राहिली.

एके दिवशी शू-फनने विचारलं, "साहेब, आ-हानची चकती एकच आहे. कुठल्या रकान्यात लावू?"

"एवढंच ना? आणखी मागवून घे!" साहेब हसत म्हणाले.

चकत्या आल्या. चार रकान्यांत आ-हान दिसू लागला आणि खुर्चीत मात्र एकच आ-हान बसलेला, समोर वाडग्यात फुगून गेलेल्या शेवया. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. त्याचा रजेचा अर्ज माझ्या कोपऱ्यात महिनाभर लटकत होता.

गिऱ्हाइकं कॅमेऱ्यावरून बोलायची, तेव्हा त्यांना एकमेकांचे रकाने दिसू नयेत म्हणून माझ्यावर पट्ट्यापट्ट्यांचा पडदा लावला. ज्याचा फोन, त्याची पट्टी वर. शू-फन शेजारी उभी राहून म्हणायची, "सध्या तुमचंच काम चालू आहे." त्या वेळी तिचा हात माझ्या कडेवर घट्ट आवळलेला असायचा. मित्रांनो, खरं काय ते माझ्या छातीवर लिहिलेलं होतं, पण मला तोंड नव्हतं. तिला तोंड होतं, पण तिला बोलायची मुभा नव्हती.

मग एका दुपारी श्याओ काका न सांगताच आले. ते एका गावच्या देवळाचे चिटणीस. नव्या वर्षी भाविकांच्या नावाने देवळात दिवे लागतात. त्यांची नोंदणी यंदा आमच्या प्रोग्राममुळे फोनवरून व्हायची होती, आणि तिला एकोणीस दिवस उरले होते. काकांनी अननसाच्या वड्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि कोणी अडवायच्या आत पडदा बाजूला सारला.

बराच वेळ ते वाचत राहिले.

"पोरी, तुमच्याकडे आ-हान नावाचे किती जण आहेत?"



लाइ साहेब लगबगीने पुढे आले. "काका, तुमचं काम अर्ध्याच्या वर झालंय..."

"मी हिला विचारतोय."

"एकच आहे, काका," शू-फन म्हणाली. "आणि तुमच्या कामाला हात लागलेला नाही."

काका खाली बसले. "गावातल्या म्हाताऱ्यांना मी सांगून बसलोय, यंदा थंडीत रांगेत उभं राहायचं नाही म्हणून. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

शू-फन माझ्याजवळ आली आणि आ-हानच्या तीन चकत्या तिने एकेक करून काढल्या. मग रजेचा अर्ज काढून लाइ साहेबांपुढे धरला. "यावर आधी सही करा."

"गिऱ्हाइकं जातील, शू-फन!"

"जाऊ देत, साहेब. आता माझ्याच्याने खोटं बोलवत नाही."

काका म्हणाले, "सही करा हो. आमचं निम्मं कागदावर भागवू."

तिसऱ्या दिवशी आ-हानला मुलगी झाली. तेव्हा तो बायकोजवळ होता. शू-फनने सगळ्यांना फोन करून खरं सांगितलं. दोन गिऱ्हाइकं गेली, एकाने तिला नको नको ते ऐकवलं. देवळाची नोंदणी अर्धी फोनवर झाली, अर्धी रांगेत. काका पुन्हा आले नाहीत. लाइ साहेब आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिलाही सोडून जावंसं वाटे, पण उरलेल्या पाच गिऱ्हाइकांना तिने शब्द दिला होता.

मित्रांनो, अजूनही फोन वाजला की माझ्या पत्र्यात धडधड होते. कालही वाजला. लाइ साहेबांनी सवयीने "होऊन..." म्हटलं आणि ते थांबले. शू-फन खडूसारखी पांढरी पडली होती.

"थांबा," ते फोनवर म्हणाले. "आधी आमच्या माणसांना विचारतो."

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन कोणाला काही कबूल कराल. तेव्हा मागे वळून एवढंच बघा, की ते काम कोणाच्या अंगावर पडणार आहे, आणि त्याला विचारा.