वेदना दोन, रुग्ण समाधानी

अर्ध्या-अर्ध्या करून घेऊनही राजाराम गुरुजींच्या डबीत साडेचारच गोळ्या उरल्या, तेव्हा रेणुकाने सकाळची पहिली एसटी धरली आणि रत्नागिरी गाठली. पाच गुरुवार झाले, गाडी आली नव्हती. फोन केला की गाडीबरोबर येणाऱ्या नम्रता सिस्टर म्हणायच्या, पुढच्या गुरुवारी नक्की. पुढचा गुरुवार किती लांब असतो, हे ज्याच्या कण्यात कॅन्सर उतरलाय त्याला विचारावं.

गाडी एका संस्थेची. बरं न होणाऱ्या दुखण्याच्या माणसांना घरी येऊन बघायचं, जखमा धुवायच्या, मॉर्फिनच्या गोळ्या द्यायच्या, घरच्यांना धीर द्यायचा. या गोळ्या जवळपासच्या मेडिकलात मागून मिळत नाहीत. नाटे गावच्या बौद्धवाडीत हे सगळं पटवून दिलं ते रेणुकानेच. ती गावची आशाताई. गुरुजींचा मुलगा सम्यक त्यांना मुंबईला न्यायला आला, तेव्हा ती मध्ये पडली.

"भाऊजी, तिथं कॉटवर एकटं नका टाकू त्यांना. इथं सगळं होईल. माझा शब्द हाय."

चुलत वहिनीच्या शब्दावर सम्यक एकटाच परत गेला. गुरुजींना तरी दुसरं काय हवं होतं? त्यांनी आपली खाट खिडकीशी ओढून घेतली. तिथून त्यांची शाळा दिसायची.

आणि मग ते कागद. चौथ्या भेटीला सिस्टरनी भेटीच्या फॉर्मचा गठ्ठाच पुढे केला. दर वेळी सह्यांत वेळ जातो, तीन महिन्यांच्या एकदम करून टाका, तेवढाच वेळ पेशंटला देता येईल. गुरुजींनी गठ्ठा तसाच परत सरकवला.

"भरून आणा, मग सही करतो."

सिस्टरचा चेहरा पडला. रेणुकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या लांबून येणारी बाई, आपल्या हातचे घावणे खाऊन "ताई, तुमच्यासारखी आशा नाही हो कुठे" म्हणणारी, आणि म्हाताऱ्याने तिला असं तोंडावर बोलावं? ओटीवर येऊन रेणुकाने पेन मागून घेतलं आणि 'रुग्णाच्या वतीने' अशा बारा सह्या ठोकून दिल्या. माणुसकीपोटी, बरं का.

त्या बारांतल्या पाच आता अभय सरांच्या टेबलावर होत्या. अभय सर संस्थेचे व्यवस्थापक. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीत टेकूनही न बसणारा माणूस.

"नाटे ना? तुमच्याकडच्या भेटी तर अगदी नियमित आहेत."

रेणुकाने फाईल ओढून घेतली. पाचही गुरुवार भरलेले. एकच अक्षर, एकच मजकूर, वेदनेचा दहापैकी आकडाही एकच. वेदना दोन. रुग्ण समाधानी. गोळ्या दिल्या. खाली तिची वळणदार सही.

"सर, गाडी आलीच नाय."

"मग सही कुणाची आहे, ताई?"

रेणुकाने फाईल मिटली. "गोळ्या तरी द्या. माणूस कळवळतोय घरात."

"रेकॉर्डवर त्यांच्याकडे महिन्याभराचा साठा आहे. वर एक गोळी दिली तर मी अडकेन."

"मग त्या गोळ्या गेल्या कुठं?"

अभय सरांनी बाहेर बघून चहा सांगितला.

चहाला कोण थांबतंय! ती उठून व्हरांड्यात आली, तर समोरून नम्रता सिस्टर. दोघींची नजरानजर झाली. सिस्टर वळल्या आणि शेजारच्या खोलीत शिरून त्यांनी दार लावून घेतलं. रेणुकाला अभय सरांचा राग आला होता, पण या लावलेल्या दाराने तिचं काळीजच चिरलं. जिला घरची मानली, तिने साधी ओळखही दाखवू नये? परतीच्या एसटीत ती पदर तोंडाशी धरून रडली. शेजारच्या बाईने विचारलं तर म्हणाली, गाडी लागते.

घरी आली तेव्हा गुरुजी उशी पोटाशी आवळून बसले होते. कपाळावर घाम.

"आलीस गो? मिळाल्या?"

पुढच्या गुरुवारी नक्की. हे शब्द तिच्या ओठांवर आयते आले, सिस्टरच्याच सुरात. तिला स्वतःचीच किळस आली. खाटेच्या पायाशी बसून तिने सगळं सांगितलं. फाईल, दोनचा आकडा, सह्या.

गुरुजींनी उशी बाजूला ठेवली. "मी नको म्हटल्यावर केल्यास?"

"होय."

"समोर बसून नको म्हटलं होतं मी. आणि तू बाहेर जाऊन माझ्या नावाने केल्यास." कळ आली, तशी त्यांनी खाटेची कड धरली. ओसरल्यावर म्हणाले, "सिस्टर परकी गो. तू तर घरातली."

रेणुकाला त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"सम्यकला फोन लाव. म्हणावं, ये न्यायला."

"गुरुजी, मी अजून एकदा जातंय, वरच्या सायबांना..."

"फोन लाव."

तिने लावला. सम्यक एवढंच म्हणाला, "वहिनी, तुम्ही शब्द दिला होतात." उद्या दुपारपर्यंत पोचतो म्हणाला.

गुरुजींनी हात पुढे केला. "तुझ्याकडे त्यांचा एखादा कोरा फॉर्म असेल, तो आण. आणि माझा चष्मा."

तिने पिशवीतून फॉर्म काढला. नाव लिहिलं, तारीख लिहिली. वेदनेच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"नऊ लिही."

तिने नऊ लिहिलं. भेटीला कोण आलं होतं? कुणी नाही. गोळ्या? दिल्या नाहीत. गुरुजींनी कागद हातात घेऊन वरून खालपर्यंत दोनदा वाचला, वर्गातला पेपर तपासावा तसा. रुग्ण समाधानी आहे का, एवढा एकच रकाना तिने कोरा ठेवला होता. तो त्यांनी स्वतः भरला. नाही.

मग त्याखाली सही केली.