कडेचा तुकडा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि मला एका यंत्राचा फार हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कारखान्यातून निघालो तो थेट कर्करोगावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत आलो. तिथल्या मुख्य संशोधक बाईंनी मला खिडकीजवळ बसवलं. शेजारच्या रुग्णालयातून रोग्यांच्या गाठींचे तुकडे येत. त्यांचा पापुद्र्यासारखा काप काचपट्टीवर ठेवून बाई माझ्यातून बघत आणि औषधाने कोणत्या पेशी मेल्या, कोणत्या तग धरून आहेत, ते सांगत. पाहुण्यांना म्हणत, हेच माझे खरे डोळे. मी मनातल्या मनात फुगून जाई.

मग ते यंत्र आलं. कपाटाएवढं, पांढरंशुभ्र. त्याच्यासाठी खोली रंगवली, एसी लावला आणि माझी खिडकीजवळची जागाही त्यालाच दिली. मी कोपऱ्यात गेलो. घरात बाळ आलं की थोरल्याला काय वाटतं, ते तुमच्यातल्या थोरल्यांना विचारा. बरं, त्याला पेशी दिसतसुद्धा नाहीत. रक्तातले प्रथिनांचे बारीक तुकडे, ज्यांना पेप्टाइड म्हणतात, ते मोजायचे आणि पडद्यावर रेघा काढायच्या, एवढंच त्याचं काम. पण सगळे त्या रेघांभोवती जमत आणि माझा जळफळाट होई.

त्या सुमारास शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एक काकू रुग्णालयात उपचार घेत होत्या. औषध चांगलं लागू पडलं होतं. गाठीच्या मधल्या तुकड्यात मला मेलेल्या पेशीच दिसल्या होत्या. काकू पुन्हा शिवायला बसू लागल्या होत्या. यंत्राने मात्र वेगळाच सूर लावला. काकूंच्या रक्तातलं, गाठीच्या जिवंत पेशींतून येणारं एक पेप्टाइड वाढत चाललं होतं. म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या पेशी कुठेतरी दडल्या असाव्यात, असं बाईंना वाटू लागलं.

काकूंच्या डॉक्टरांना ते पटेना. ते म्हणाले, "गाठ लहान होतेय, काकूंना जेवण जातंय. नुसत्या रेघांवरून मी चांगलं चाललेलं औषध बदलू?"

मला गुदगुल्या झाल्या. यंत्राची फजिती होणार होती.

"यंत्र चुकलं असेल तर मलाही हवंच आहे," बाई म्हणाल्या. "पण गाठीच्या कडेचा तुकडा मिळाला, तर मी माझ्या डोळ्यांनी बघेन."

तो काढण्यासाठी काकू पुन्हा सुई टोचून घ्यायला तयार झाल्या. तुकडा आला. बाईंनी खोळ काढली, माझी भिंगं पुसली आणि काचपट्टी ठेवली. कितीतरी दिवसांनी त्या माझ्यावर वाकल्या होत्या. आणि त्याच वेळी मला दिसलं. मेलेल्या पेशींच्या आड टवटवीत, एकीच्या दोन होत असलेल्या पेशींचा एक पुंजका होता. तो लपवता आला असता तर मी लपवलाही असता. पण काचेला खोटं बोलता येत नाही. वैऱ्याच्या बाजूने साक्ष द्यावी लागली ती मलाच.

बाई बाजूला झाल्या. डॉक्टरांनी डोळा लावला आणि त्याच दिवशी औषध बदललं.

काही महिन्यांनी काकू प्रयोगशाळेत आल्या. रक्तातलं ते पेप्टाइड उतरलं होतं, चेहऱ्यावर तजेला होता. आपल्याला काय झालं होतं ते बघायचं, असं त्या धरून बसल्यामुळे बाईंनी त्यांना माझ्यासमोर बसवलं. काकूंनी तो पुंजका बराच वेळ पाहिला.

"एवढंसंच होतं?" त्या हळूच म्हणाल्या आणि उठल्या.

जाता जाता त्यांनी यंत्राच्या पाठीवरून हात फिरवला, लेकराच्या फिरवावा तसा. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. कसं पाहतील? मी त्यांना त्यांचं दुखणं दाखवलं होतं.

मित्रांनो, हेवा अजून गेलेला नाही. तुम्ही नव्याचे लाड करा, माझी ना नाही. पण जो तुम्हाला नकोसं ते दाखवतो, त्याच्यावरूनही एकदा हात फिरवत जा. त्यालाही ते बरं वाटतं.