माळ्यावरची बाळंतीण

जयलक्ष्मीला बघायला नागपट्टणची मंडळी येणार हे ठरलं, तेव्हा अम्मानं सगळ्यांत आधी कोनाड्यातली वटवाघळाची कवटी उचलली आणि परसात पुरून टाकली.

शाळेच्या भिंतींवर पंचम जॉर्ज बादशहाची तसबीर असायची, तेव्हाची ही गोष्ट. कुंभकोणमला गणित शिकवणाऱ्या शेषाद्रीरावांची ही एकुलती एक मुलगी अठरा वर्षांची होती. रूप चांगलं, गळा चांगला, पण नाद भलताच. तिला जनावरांचा नाद होता, तोही गाय-कुत्रा अशा सभ्य जनावरांचा नव्हे. अरसलार नदीच्या कुठल्या वळणावर पाणमांजरं मासे खायला बसतात, मुंगूस कुठल्या बांधाला बीळ करतं, चिंचेवरची वटवाघळं भर उन्हात पंखांनी वारा का घेतात, हे तिला सगळं ठाऊक. बायका नदीवर धुणं धूत, तेव्हा ही चिखलातले ठसे काडीनं मापत बसायची. शेजारीपाजारी काही बोललं की शेषाद्रीराव म्हणत, "पोरीची मापं मात्र अचूक असतात हो!" याहून जास्त बाजू त्यांना घेता येत नसे.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या माळ्यावर मरनाय राहायला आली. देशावर तिला कांडेचोर म्हणतात. मांजराएवढी, लांब शेपटीची, तोंडाला काळा मुखवटा घातल्यासारखी. दिवसभर झोपायची आणि दिवेलागणीला उठायची. ती उठली की तिच्या अंगाला वास सुटे, हुबेहूब नुकत्या शिजलेल्या सुवासिक भातासारखा. जयलक्ष्मीनं तिची कौलांमधली वाट शोधली. तिच्या लेंड्या धुऊन त्यांतल्या बियांवरून ती काय खाते ते शोधलं. मग एके दिवशी जुन्या हंड्यामागे तिची पिल्लंही सापडली. घरात मात्र ती कुणाला काही बोलली नाही. बोलली असती तर अम्मानं माळ्याखाली मिरच्यांची धुरी केली असती.

मंडळी चार वाजता आली. मिठाच्या खात्यातून निवृत्त झालेले पांडुरंगराव, त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई आणि मुलगा चंद्रमौली. चंद्रमौली तोंडातून शब्द काढत नव्हता. सोज्जी-बज्जीचा फराळ झाला, गाणं झालं. अंधार पडायच्या आत निघायचं ठरलं होतं, पण पांडुरंगरावांनी चोरट्या मिठागरांच्या हकिकती काढल्या आणि दिवे लागले.

मीनाक्षीबाईंनी नाक वर केलं. "सीरगसांबा! नव्या सुवासिक तांदळाचा भात! आम्हांला जेवायला ठेवायचा बेत होता, आणीक सांगितलं नाही?"

अम्मा गडबडली. घरात शिजलेलं काही नव्हतं. "होय की," ती कसंबसं म्हणाली, "थोडंसंच..." आणि स्वयंपाकघरात पळाली. पाठोपाठ जयलक्ष्मी गेली.

"वास येतो कुठून ग?" चुलीवर जाडा तांदूळ चढवत अम्मानं विचारलं.

जयलक्ष्मीनं सांगितलं. अम्मा तिथंच जमिनीवर बसली. "तोंड उघडशील तर खबरदार!"

पण जयलक्ष्मीला परत ओसरीवर बोलावलं, आणि मीनाक्षीबाईंनी कौतुकानं विचारलं, "भात तू टाकलास की आईनं?"

जयलक्ष्मीला खोटं बोलायला जमत नसे. जे दिसलं ते सांगायचं, अशी सवय जडली होती. "कुणीच नाही, मामी. तो भात नव्हे. माळ्यावर मरनाय आहे."

शेषाद्रीरावांनी डोळे मिटून घेतले.

"अशक्य!" पांडुरंगराव उठले. "तीस वर्षं या नाकानं चोरीचा माल पकडलाय मी. शिडी आणा."

"मामा, फार जवळ जाऊ नका. घाबरली तर ती दुसरा वास सोडते."

पांडुरंगरावांना उपदेश ऐकायची सवय नव्हती. ते चढले, माळ्याच्या चौकटीतून डोकं आणि खांदे आत घातले. वरून आवाज आला, "भातच आहे! हंड्यामागं लपवून ठेवला..."

मग किंकाळी. पाठोपाठ असा दर्प खाली उतरला की दिव्याची ज्योतसुद्धा मान फिरवते की काय असं वाटलं. पांडुरंगराव मागे यायला धडपडले, पण पोट चौकटीत अडकलं. शेषाद्रीरावांनी एक पाय धरला, चंद्रमौलीनं दुसरा. ओढता ओढता चंद्रमौलीला हसू फुटलं. बापाचा पाय छातीशी धरून तो गदगदा हसत राहिला, आणि हसण्यामुळे त्याचा जोरच गेला. शेवटी जयलक्ष्मीनं हात लावला तेव्हा पांडुरंगराव धोतरासकट सुटले.

त्यांना विहिरीवर नेलं. शिकेकाई झाली, चिंच झाली, वास जाईना. आता लग्न मोडलंच असं धरून अम्मा पदरात तोंड लपवून रडायला लागली.

मीनाक्षीबाईंनी जयलक्ष्मीला जवळ बोलावलं. "तिला पिल्लं आहेत?"

"होय, मामी. डोळेसुद्धा नाही उघडले अजून."

मीनाक्षीबाई विहिरीकडे वळून ओरडल्या, "अहो! बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डोकं घालतात होय? तिनं केलं तेच बरोबर!"

आणि पानं मांडायला सांगितलं. जाडा भात आणि सार त्या पोटभर जेवल्या. जाताना म्हणाल्या, "आम्हांला मुलगी पसंत आहे. तोंडावर खरं बोलते."

जोशांनी वैकाशीतला, म्हणजे वैशाख-ज्येष्ठातला मुहूर्त काढला, तर नवीच अडचण आली. "तोवर पिल्लं बाहेर पडायची नाहीत," जयलक्ष्मी म्हणाली. "ताशे-वाजंत्री, आचाऱ्यांचा धूर... ती त्यांना टाकून जाईल."

ही गोष्ट नागपट्टणला कशी कळवायची, या विवंचनेत शेषाद्रीराव दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी कळवली. निरोप उलट टपाली आला: बाळंतिणीला हलवू नये, आम्ही आवणीत, श्रावण लागल्यावर येऊ.

मग रोज दिवेलागणीला जयलक्ष्मी परसात फणसाखाली बसायची. आषाढाच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मरनाय कौलांवर आली, मागे एकेक करून पिल्लं. ती आणि बाकीची खाली फणसावर उतरली, शेवटचं मात्र कौलाच्या कडेला अडलं, वाकून बघत राहिलं. तेवढ्यात मागून अम्माचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"उडी मार ग बाळ," अम्मा हळूच म्हणाली, "आई खाली आहे."