पिवळ्या दाताचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. वरच्या ओळीतला, अगदी मधला. माझी मालकीण शिवणकाम करते. ती सात वर्षांची असताना मी उगवलो. तेव्हा ती आरशासमोर उभी राहून मला जिभेने चाचपून बघायची. तसे लाड पुन्हा कोणी केले नाहीत.

पुढे पंचेचाळीस वर्षे मी राबलो. कात्री हाताशी असूनही धागा तोडायला मीच. टाचण्या धरायला मीच. कपामागून कप चहा पिऊन मी पिवळसर झालो, पण तिने ते कधी मनावर घेतले नाही. गिऱ्हाइकांशी बोलताना ती खळखळून हसायची आणि मी मिरवून घ्यायचो.

मग तिच्या मुलीचे लग्न ठरले. घरात फोटो काढताना मालकिणीची धाकटी बहीण तिला म्हणाली, "ताई, तू जरा तोंड मिटून हास ना. दात फार पिवळे दिसतात गं."

ताई हसायचीच थांबली.

दुसऱ्या दिवसापासून तिने लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून मला घासायला घेतले. मोरी घासावी तसे, सकाळ-संध्याकाळ. गार पाण्याने कळ मस्तकात जायची, तरी हात थांबेना. ज्या हाताच्या मदतीला मी जन्मभर धावलो, तोच हात! आपलेच दात अन् आपलेच ओठ, तक्रार करू कुणाकडे?

तीन महिन्यांनी माझी कड उडाली, तेव्हा कुठे ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"अहो, हा मळ नव्हताच," बाई म्हणाल्या. "वरचं कवच तुम्ही लिंबानं झिजवलंत. आतला थर मुळातच पिवळा, तो आता जास्त दिसतोय. कवच काही परत येत नाही."

"मग ते पांढरं करायचं औषध लावा की."

"आधी आला असतात तर इथंच तासाभरात केलं असतं. नाहीतर तुमच्या दातांच्या मापाचा साचा आणि सौम्य औषध घरी लावायला दिलं असतं. आता या दातांना ते सोसायचं नाही. उडालेली कड मी भरून देते, काही महिने थांबा, मग पुढचं बघू. दातावर टोपी, म्हणजे कॅप, बसवायची तर दात चारी बाजूंनी तासावा लागेल."

"लग्न पुढच्या महिन्यात आहे. तासा तुम्ही. मला नकोतच असले दात."

बाईंनी दोनदा विचारले. दोनदा तिने हेच सांगितले. हिरडी बधिर केली होती, म्हणून मला तासताना तिला काही जाणवले नाही.

आता मी निम्मासुद्धा उरलो नाही. माझ्यावर आणि शेजारच्या भावावर पांढऱ्याशुभ्र टोप्या आहेत. लग्नात तीच बहीण म्हणाली, "ताई, काय सुंदर दिसतायत गं दात!" ताई तोंडभर हसली. आत अंधारात मी ते कौतुक ऐकले. ते माझे नव्हते.

मित्रांनो, दात उजळायचेच असतील तर आधी जाणत्याला दाखवा. लिंबू सरबतात बरे. आणि कुणाच्या एका वाक्यापायी, इतकी वर्षे साथ दिलेल्याला असे तासायला देऊ नका.