श्रवणानंदांची पळी

नगाऱ्यावर टिपरी पडली आणि तुळशीने चटकन मागे वळून पाहिले.

"ऐकलं! पोरीनं ऐकलं!" श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातली निम्मी माणसे ओरडली, उरलेली निम्मी तोवर लोटांगण घालून वाळूत आडवी झाली होती. जन्मापासून बहिरी असलेली नऊ वर्षांची मुलगी पाठीमागच्या नगाऱ्याला ओ देते, याहून मोठा पुरावा तो कोणता? बोंबील वाळवायच्या मोकळ्या जागेत सागवानी फळ्यांचा मंच उभारला होता. त्याच्या एका टोकाला मृगाजिनावर श्रवणानंद महाराज, दुसऱ्या टोकाला नगारा आणि तो वाजवणारा शिष्य रावजी, आणि मधोमध अनवाणी उभी तुळशी. स्वातंत्र्य येऊन दहा वर्षे होत आली होती; विवेक बहुधा अजून आगबोटीची वाट पाहत बंदरावर बसला असावा.

"नाद हेच ब्रह्म!" महाराज गरजले. "या बालिकेच्या कर्णकुहरांत सप्तपाताळांचं मौन गोठलं होतं. आम्ही केवळ एक फुंकर घातली. मौन वितळलं!"

"वितळलं!" लोक म्हणाले. वितळताना ते कुणी पाहिले नव्हते.

गर्दीच्या मागे काशी हातात पिशवी घेऊन उभी होती. ती मुंबईला मूकबधिरांच्या शाळेत शिकवत असे. माहेर इथल्याच एका सुपारीच्या वाडीतले. पावसाळ्यापूर्वीची शेवटची आगबोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती आणि सुट्टीला घरी आलेल्या तुळशीला तिने परत न्यायचे ठरले होते. आगबोट चुकली तर समुद्र बंद. आणि आईबापांनी एकदा घरी ठेवून घेतलेले मूल शाळेत परत येत नाही, हे काशीला अनुभवाने ठाऊक होते.

सगळा सोहळा तिने सुरुवातीपासून पाहिला होता. आधी तुळशी मंचाच्या खाली, वाळूत उभी होती. तेव्हा नगारा वाजला आणि ती ढिम्म हलली नाही. मग महाराजांनी तिच्या दोन्ही कानांत फुंकर घातली, हाताला धरून तिला वर घेतले, पुन्हा नगारा वाजवायला लावला, आणि तिने वळून पाहिले. आधी बहिरी, मग ऐकती. मध्ये फक्त फुंकर. लोकांना एवढेच दिसले. काशी तुळशीच्या पायांकडे पाहत होती.

"रंगूबाई, हिची पिशवी भरलीत ना?" तिने तुळशीच्या आईला गाठून विचारले.

रंगूने तिच्याकडे अपराध्यासारखे पाहिले. "आता मुंबई कशाला, बाई? पोरगी ऐकते हाय. तुमच्या शाळंत इतकी वर्सं घालून नाय झालं, ते महाराजांनी एका फुंकरीत केलं. आज बोलाया पन लागल."

"ते कसं?"

"त्याल घालनार हायत कानात. कानातून गळ्यात उतरतं म्हनं."

तेव्हा काशीला मंचाआडची चूल दिसली. चुलीवर लोखंडी कढई होती. तिच्यात खोबरेल, लसूण आणि कसल्याशा बिया तडतडत होत्या, आणि काठाला एक लांब दांड्याची पितळी पळी टेकवून ठेवली होती.

अशीच एक पळी काशीने लहानपणी पाहिली होती. तेव्हा तिचा धाकटा भाऊ दिनानाथ आजोबांच्या मांडीवर होता. उपनिषदे मुखोद्गत असलेल्या त्या आजोबांनी बहिऱ्या नातवाचे दोन्ही हात स्वतः घट्ट धरून ठेवले होते, आणि असल्याच एका सिद्धपुरुषाने तेल ओतले होते. दिनूचे कान आधी भाजले, मग पिकले, मग ताप मेंदूत चढला आणि तो गेला. सिद्धपुरुष म्हणाला, श्रद्धा कमी पडली. आजोबांनी मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेला काशीने आजवर क्षमा केली नव्हती, आणि त्या दिवसापासून ती एका पळीची वाट पाहत होती.

ती ओरडली नाही. ओरडणारी बाई वेडी ठरते, हे तिला वाचनाने आणि जगण्याने दोन्हींनी शिकवले होते. चपला काढून, पदर खांद्यावरून घेऊन ती मंचापाशी गेली आणि हात जोडून उभी राहिली.

"महाराज, मी या मुलीची मास्तरीण. आम्ही अडाणी माणसं. आमच्या डोळ्यांदेखत एकदा पुन्हा नाद ऐकवाल का हिला?"

"अवश्य!" शिकलेली बाई हात जोडते म्हटल्यावर महाराज फुलले. "शंकेला आम्ही भीत नाही, माते. शंका ही श्रद्धेची धाकटी बहीण!"

"फक्त एक विनंती. इतकं पवित्र आसन, आणि पोर मासळीच्या चिखलातून आलेली. तिचे पाय उघडे का लागावेत आसनाला? खाली काही अंथरलं तर?"

"बाईचं खरं हाय," कुणी म्हणाले. "पाय नको लागाया."

महाराजांचा चेहरा किंचित बदलला. पण आपल्याच आसनाच्या पावित्र्याला ते नाही म्हणणार कसे? काशीने वाळत पडलेली सुताची जाडजूड जाळी घड्या घालून गुडघाभर उंच रचली आणि तुळशीला वर उभे केले. रावजीने टिपरी हाणली.

तुळशी समुद्राकडे पाहत राहिली.

"जोरात वाजव की रं!" मागून आवाज आला. रावजीने नगारा फुटेल असा बडवला. किनाऱ्यावरचे बगळे उडाले, कुत्री भुंकली. तुळशीने नाक खाजवले.

"अश्रद्ध व्यक्तीची छाया पडली!" महाराज उठले. "नाद रुसला!"

"रुसवा काढते मी," काशी म्हणाली. तिने मुलीला जाळ्यांवरून उतरवून फळ्यांवर उभे केले, रावजीच्या हातातली टिपरी काढून घेतली आणि नगाऱ्याला न शिवता, मंचाच्या टोकाशी वाकून, बोटांच्या पेरांनी फळीवर हलकेच टकटक केली. लाटांच्या आवाजात पुढच्या रांगेलाही ती ऐकू गेली नाही.

तुळशीने चटकन मागे वळून पाहिले. काशीला ओळखून ती हसलीही, कारण शाळेतल्या लाकडी जमिनीवर बाई अशाच टाच आपटून तिला बोलावत असत.

काशी तुळशीच्या बापाकडे वळली. गुणाजी तांडेल हा त्या किनाऱ्यावरचा, स्वतःची होडी हाकणारा जाणता नाखवा.

"तांडेल, घोळ मासा पाण्यात कुठं आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

"ह्ये काय इचारता, बाई? वल्हं पान्यात सोडायचं, दांडा कानाला लावायचा. घोळ कर्रकर्र वरडते. लाकडातनं येतं."

"आणि कान दांड्यापासून काढला तर?"

"मंग कशाचं येतंय…" गुणाजी बोलता बोलता थांबला. त्याने फळ्यांकडे पाहिले, नगाऱ्याकडे पाहिले, लेकीच्या पायांकडे पाहिले. "आयला," तो हळूच म्हणाला, "मी जलमभर लाकडातनं ऐकतो, आन् मला दिसलं न्हाय!"

"नगारा फळ्यांवर. पोर फळ्यांवर. हादरा तळपायातून वर चढतो. फुंकर नसती तरी ती वळली असती. म्हणूनच आधीची परीक्षा वाळूत, नंतरची इथं."

महाराज मंचावरून उतरायच्या बेतात होते. गुणाजीने त्यांच्या दंडाला धरून त्यांना मृगाजिनावर परत बसवले. वादळात सुकाणू धरणारा तो हात होता.

काशी चुलीकडे गेली आणि पळी भरून घेऊन आली. पळीतून धूर निघत होता.

"महाराज, हे तेल भाजत नाही ना?"

"श्र… श्रद्धावंताला ते चांदण्यासारखं शीतल लागतं…"

"तुमच्याहून श्रद्धावंत इथं कोण आहे? तांडेल, मान कलती करा यांची."

गुणाजीने मान कलती केली. पळी कानाजवळ आली. दिनूचा कान याहूनही लहान होता. फक्त मनगट वळवायचे होते. ते वळावे अशी तिची इच्छा होती. ती इच्छा तिने स्वतःपासून लपवली नाही.

"नको! नको, बाई, पाया पडतो! कान जळंल! फळ्यांचाच खेळ हाय! मला काय येत न्हाय!" सप्तपाताळांचे संस्कृत एका क्षणात ओसरले.

"मोठ्यानं. मागे ऐकू गेलं नाही."

"मला काय येत न्हाय!"

काशीने पळी वाळूत रिती केली. ओली वाळू चर्रकन फसफसली. रंगूने तो आवाज ऐकला आणि स्वतःच्या कानांवर हात ठेवले.

लोक आता महाराजांना बडवायला सरसावले. "थांबा," काशी म्हणाली. "त्याला फौजदाराकडे न्या, हातपाय शाबूत ठेवून. मघाशी लोटांगण घालणारे हेच हात होते. यानं फक्त नगारा वाजवून घेतला. चमत्कार तुम्ही केलात. या मुलीनं कानांचं काम पायांना शिकवलं, कुणी न सांगता. ती तिची बुद्धी. तुम्ही ती या माणसाच्या नावावर चढवलीत आणि वर तिचे कान तळायला निघालात. तुळशी बहिरी आहे. उद्याही बहिरीच राहील. ती शहाणी होणार की नाही, एवढंच तुमच्या हातात आहे."

रंगू पुढे आली. "तुमच्या शाळंत… काय करता हो तुमी हिला?"

काशीने तुळशीचा तळवा घेऊन आईच्या गळ्यावर ठेवला. "हाक मारा."

"तुळशे," रंगू म्हणाली. "तुळशे गं."

तळव्याखाली गळा हलला. तुळशीने दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, दोन्हींची तुलना केल्यासारखे डोळे बारीक केले आणि एक जाडाभरडा, वेडावाकडा "आ" काढला.

"हाच धडा चालू आहे," काशी म्हणाली. "फुंकरीत होत नाही. वर्षं लागतात."

"आगबोट कवा हाय?" रंगूने डोळे पुसत विचारले.

"सकाळी."

"मी सोडतो होडीनं," गुणाजी म्हणाला आणि मंचाच्या फळ्या उखडायला लागला.

काशीने पळी स्वच्छ पुसून पिशवीत टाकली. ही गोष्ट वाचणाऱ्यांच्या घरीही कधीतरी कुणी असाच येईल, गोड बोलेल आणि लेकराचे हात धरून ठेवायला सांगेल. तेव्हा आधी पाहा, पाय कशावर ठेवले आहेत. आणि पळी सर्वांत आधी त्याच्याच कानाशी न्या.